ब्रिटनच्या जुन्या नोंदींतून घराण्याचा माग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी मी मराठीतून एक छोटा वर्ग घेते. ब्रिटनमधल्या जुन्या नोंदी कशा शोधायच्या, कशा वाचायच्या आणि त्यांवर कितपत विश्वास ठेवायचा, एवढाच त्याचा विषय. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली आहेत.

आम्ही मराठी माणसं. ब्रिटनच्या नोंदींशी आमचा काय संबंध?

माझा संबंध कसा आला ते सांगते. मी पुण्याची, खडकीत वाढलेली. लग्न होऊन लँकेशरला आले. एकदा सासूबाईंनी ट्रंकेतून एक घडी केलेला कागद काढला. १८८१ च्या जनगणनेतल्या पानाची ती छायाप्रत होती. घर बर्नलीतलं, घरातले सगळे कापडगिरणीत कामाला, आणि सासूबाईंच्या पणजीच्या नावापुढे जन्मस्थळाच्या रकान्यात लिहिलेलं : बॉम्बे, ईस्ट इंडीज. लिहिणाऱ्याची चूक असणार, असं सासूबाई मानत आल्या होत्या. मला तसं वाटेना. दोन वर्षांनी त्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद हाती आली. बाप गोऱ्या पलटणीत शिपाई आणि चर्च खडकीचं. त्याच चर्चवरून मी सायकलने शाळेत जायचे.

सगळ्यांचं असं होत नाही. पण वर्गात येणाऱ्यांची कारणं पाहिली की संबंध किती तऱ्हांचा आहे ते कळतं. कुणाची नातवंडं अर्धी इंग्रज आहेत आणि त्यांना दोन्हीकडचे पूर्वज दाखवायचे आहेत. कुणाचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले ते परतलेच नाहीत. कुणाचं घराणं मॉरिशसचं आहे. काहींना नुसतीच आवड आहे, आणि तेही कारण मला पुरेसं वाटतं.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःपासून. मग आई-वडील, मग आजी-आजोबा. एकेक पिढी मागे जायचं आणि प्रत्येक पायरीला कागद हवा. सतराव्या शतकातला एखादा सरदार पकडून त्याच्यापासून खाली आपल्यापर्यंत येऊ पाहणारे बहुतेक वाटेतच चुकतात.

घरात जे कुणी ऐंशीच्या पुढचे असतील त्यांच्याशी याच आठवड्यात बोला. कागद दहा वर्षांनीही मिळेल, माणूस मिळेलच असं नाही. "आपले पूर्वज कोण?" असं विचारलं तर काही हाती लागत नाही. जुना फोटो पुढे ठेवून "ही मागे उभी आहे ती कोण? हिचं माहेर कुठलं?" असं विचारा. फोटोच्या पाठीमागचं लिखाण, बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावरच्या जन्मतारखा, सैन्यातली पदकं, कबरीच्या जागेची पावती, सगळं बघून घ्या. ब्रिटिश पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचं नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. ती अक्षरं भिंगातून वाचा.

आपल्याकडे कुलवृत्तांत असतो, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या असतात. तिथे असं तयार काही मिळतं का?

सामान्य घराण्यांचं नाही मिळत. उमराव घराण्यांच्या वंशावळी छापलेल्या आहेत, पण गिरणी कामगाराची वंशावळ तुम्हालाच नोंदीनोंदींतून जुळवावी लागते. ज्यांनी गावाकडे कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ चाळला आहे, त्यांना हे काम लगेच कळतं. सरकारने आपल्या कामासाठी ठेवलेल्या वहीत आपला माणूस हुडकायचा. वही कुणी, कशासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, हा प्रश्न प्रत्येक कागदाला विचारा. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच प्रश्न पुन्हा येईल.

"ब्रिटिश नोंदी" एकाच ठिकाणी असतात का?

नाही, आणि नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त अडखळतात. इंग्लंड आणि वेल्सची व्यवस्था एक, स्कॉटलंडची दुसरी, आयर्लंडची तिसरी. जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ ला सुरू झाली, स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ ला. आयर्लंडमध्ये १८४५ पासून फक्त बिगर-कॅथलिक विवाह नोंदले जात, आणि सगळं नोंदलं जाऊ लागलं ते १८६४ पासून.

पूर्वज स्कॉटिश असतील तर तुम्ही नशीबवान. तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आई-वडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. इंग्लंडच्या दाखल्यावर ती नसतात. आयर्लंडचं दुःख वेगळं आहे. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतींमधला दफ्तरखाना जळाला आणि शतकांचे कागद गेले. १८६१ ते १८९१ च्या जनगणना तर त्याआधी सरकारनेच नष्ट केल्या होत्या. तरी १९०१ आणि १९११ च्या आयरिश जनगणना शाबूत आहेत, आणि त्या इंटरनेटवर फुकट बघता येतात.

जन्माचा दाखला मागवला तर नेमकं काय कळतं?

इंग्लंड-वेल्सच्या दाखल्यावर जन्माची तारीख आणि जागा, बाळाचं नाव, वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, शिवाय खबर देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही एवढं असतं. खबर देणाऱ्याचा रकाना बरेच जण वाचत नाहीत. तो नक्की वाचा. तिथे सहीऐवजी फुली असेल तर खबर देणाऱ्याला लिहिता येत नव्हतं असं बहुधा समजायचं. पत्ता मिळाला की जनगणनेतलं घर सापडतं. तारखेबरोबर वेळही लिहिलेली असेल तर इंग्लंडमध्ये ती बहुधा जुळ्यांची खूण. स्कॉटलंडमध्ये वेळ सरसकट लिहितात, तिथे तिचा असा अर्थ काढू नका.

विवाहाच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात, आईची नावं नाहीत. ती इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून लिहिली जाऊ लागली, म्हणजे जवळजवळ १८४ वर्षं आई त्या कागदावर नव्हतीच. वयाच्या जागी 'फुल एज' असं दिसलं तर त्याचा अर्थ एकवीस पूर्ण, बाकी काही नाही. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. भाऊ, मेहुणी, मावशी तिथेच सापडतात.

मृत्यूच्या दाखल्यावरचं वय जपून घ्यायचं. ते सांगणारा मेलेला माणूस नसतो. सून सांगते, शेजारी सांगतो, अंदाजाने सांगतो.

दाखला मागवण्याआधी जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे या सरकारी नोंदी ठेवणाऱ्या कचेरीच्या, सूचीत नोंद शोधावी लागते. सूची तिमाहीवार असते. मार्च तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये नोंदलेले जन्म, त्या काळात झालेले जन्म नव्हेत. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत असल्याने डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या सूचीत जाऊ शकतं. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. जनरल रजिस्टर ऑफिसने नव्याने केलेल्या ऑनलाइन सूचीत मात्र ते १८३७ पासून दिलं आहे. तिचा उपयोग करा, अर्धं काम तिथेच होतं.

१८५० मध्ये जन्मलेले, एकाच नावाचे अकरा जॉन सापडले. आमचा कोणता?

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे दोन गणपत शिंदे लगेच वेगळे करता येतात. इंग्लंडमध्ये ती सोय नाही. म्हणून नावाला चिकटून बसू नका. गाव, धंदा, बायको, भावंडं, शेजारी यांच्यासकट माणूस ओळखा.

मी स्वतः एका चुकीच्या जॉनच्या मागे आठ महिने घालवले आहेत. नाव जुळलं, वय जुळलं, गाव दोन मैलांवरचं, म्हणून हाच धरला. दफनाच्या नोंदी बघायचं राहिलं होतं. बघितल्या तेव्हा कळलं की तो जॉन तीन वर्षांचा असतानाच गेला होता. तेव्हापासून माझा नियम एकच. उमेदवार धरला की आधी त्याला खोडून काढायचा प्रयत्न करायचा. लहानपणी वारला का? दुसऱ्याच बाईशी लग्न झालं का? पुढच्या जनगणनेत दोघेही जॉन वेगवेगळ्या घरी जिवंत दिसतात का? यातून जो उरेल तो आपला, आणि दोन उरले तर दोघेही कागदावर प्रश्नचिन्ह लावून ठेवायचे.

इंग्रजी मधल्या नावाकडेही लक्ष द्या. मुलाचं मधलं नाव एखाद्या आडनावासारखं वाटलं तर ते बऱ्याचदा आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव निघतं.

जनगणना कोणत्या सालांच्या बघायला मिळतात?

गणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण देशभर नावानिशी नोंदी १८४१ पासूनच्या. शंभर वर्षं झाल्याशिवाय नावं उघड करत नाहीत, म्हणून इंग्लंड-वेल्ससाठी सध्या १९२१ ही शेवटची. ती जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. त्यापुढे मोठं खिंडार आहे. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची गणना डिसेंबर १९४२ मध्ये हेझ इथल्या गोदामाच्या आगीत जळाली. १९४१ ला युद्धामुळे गणना झालीच नाही. म्हणून १९५१ ची खुली होईपर्यंत मधला आधार म्हणजे २९ सप्टेंबर १९३९ ला ओळखपत्रं आणि शिधावाटपासाठी केलेलं १९३९ चं रजिस्टर. त्यात पूर्ण जन्मतारीख असते, हे त्याचं मोठं मोल. हयात असू शकतील अशा माणसांच्या ओळी त्यात झाकलेल्या असतात.

प्रत्येक गणनेचा स्वभाव वेगळा आहे. १८४१ मध्ये पंधरापेक्षा मोठ्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली उतरवून लिहायच्या सूचना होत्या, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा होतो. कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलंच नाही, आणि जन्मस्थळाबद्दल एवढंच की त्याच परगण्यातला की नाही. १८५१ पासून नातं, वय, वैवाहिक स्थिती, धंदा आणि जन्माचं गाव सगळं मिळतं. १९११ ची माझी सगळ्यात आवडती, कारण तेव्हापासून घरातल्या माणसाने स्वतः भरलेला मूळ कागद पाहायला मिळतो. त्यात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जगली, किती गेली, हे विचारलं होतं. माझ्या नवऱ्याच्या एका पणजीने तिथे अकरा, पाच, सहा असे आकडे लिहिलेत. कुठल्याही कथनापेक्षा ते तीन आकडे मला जास्त सांगतात.

गणना एका ठरावीक रात्रीची असते. त्या रात्री घरात जो असेल तो तिथे मोजला जातो. बाप दिसत नाही म्हणजे मेला असं नव्हे. तो बोटीवर असेल, तुरुंगात, इस्पितळात, बहिणीकडे. एकच माणूस दोनदाही मोजला जाऊ शकतो. बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन २ एप्रिल १९११ च्या रात्री वेस्टमिन्स्टरच्या संसदभवनातल्या चॅपलमध्ये लपून बसली होती, म्हणजे त्या कागदावर तिचा पत्ता संसदेचा यावा. तशी तिची नोंद झालीही, आणि तिच्या खोलीच्या पत्त्यावरही तिचं नाव लागलं. बऱ्याच बायकांनी त्या गणनेवर बहिष्कार टाकला होता. तुमची पणजी १९११ मध्ये सापडत नसेल तर हीही शक्यता ध्यानात ठेवा.

जनगणनेत 'सन-इन-लॉ' लिहिलंय, पण मुलगा सात वर्षांचा आहे. असं कसं?

जुन्या इंग्रजीत 'इन-लॉ' हा शब्द सावत्र नात्यालाही लावत, तेव्हा तो सावत्र मुलगा. 'कझिन' म्हणजे कुठलाही लांबचा नातेवाईक असू शकतो. 'नर्स चाइल्ड' म्हणजे पैसे देऊन सांभाळायला ठेवलेलं मूल. 'स्कॉलर' म्हणजे विद्वान नव्हे, शाळेत जाणारं पोर. आणि धंद्याच्या रकान्यात शेकडो वेळा दिसणारं 'अॅग लॅब' म्हणजे शेतमजूर.

१८३७ च्या आधीचं काय?

तिथे चर्चच्या वह्या, म्हणजे पॅरिश रजिस्टरं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं लिहून ठेवावीत. त्या सालापासूनच्या वह्या थोड्याच चर्चांच्या उरल्या आहेत. सोळाशे चाळीस-पन्नासच्या दशकांत, यादवीच्या काळात, पुष्कळ ठिकाणी नोंदी तुटलेल्या आहेत. मूळ वही गेली असेल तर बिशपकडे पाठवलेली नक्कल शोधा, ती वेगळ्या दफ्तरात असते.

इथे जन्म नव्हे, बाप्तिस्मा नोंदलेला असतो, आणि तो जन्मानंतर तीन दिवसांनी किंवा सात वर्षांनीही झालेला असू शकतो. मार्च १७५४ पासून विवाह चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लावणं बंधनकारक झालं. सवलत फक्त क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या आणि ज्यू लोकांना. म्हणून कॅथलिक पूर्वजांचं लग्नही चर्च ऑफ इंग्लंडच्याच वहीत सापडतं. १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या आणि वाचणं सोपं झालं.

तारखांचा एक घोळ आपल्या लोकांना चटकन समजतो. आपला शक जसा गुढीपाडव्याला बदलतो तसं इंग्लंडमधलं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे आई-वडिलांचं लग्न मे १७२० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये लिहिलेला दिसला तर घाबरू नका. तो फेब्रुवारी लग्नानंतरचा आहे, आजच्या हिशेबाने १७२१ चा. टिपण करताना '१७२०/२१' असं दोन्ही लिहा. १७५२ मध्येच २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरून अकरा दिवस गाळले गेले.

अक्षर वाचताच येत नाही!

मोडी शिकल्यासारखंच आहे. आधी सोपं, मग जुनं. १९११ पासून एकेक गणना मागे जात वाचा, डोळा बसत जातो. अडलेलं अक्षर त्याच कारकुनाच्या हातचं दुसऱ्या ओळीत, ओळखीच्या शब्दात शोधा. नावांची लघुरूपंही ठरलेली असतात, त्यांची यादी जवळ ठेवा. आणि आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं आडनाव पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं लिहिलं गेलं.

आजीला सगळे पॉली म्हणत. पॉली नावाची नोंदच नाही.

मेरी म्हणून शोधा. पॉली म्हणजे मेरी, पेगी म्हणजे मार्गारेट, सॅली म्हणजे सारा, फॅनी म्हणजे फ्रान्सिस, हॅरी म्हणजे हेन्री, जॅक म्हणजे जॉन. आपल्याकडे नाना, बापू, आक्का यांची खरी नावं शाळेच्या दाखल्यावरच कळतात, तसंच हे.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट आपल्यापेक्षा सोपी आहे. लग्नानंतर आडनाव बदलतं, पण पहिलं नाव तेच राहतं. आपल्याकडे पूर्वी दोन्ही बदलायची, आणि सासरच्या नावाखाली माहेरची मुलगी पार नाहीशी व्हायची. माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव मला अजून मिळालेलं नाही. तिच्याच काळातल्या बर्नलीच्या गिरणी कामगार बाईच्या चार पिढ्या मात्र मी लिहून काढल्या आहेत.

वेल्समध्ये गेलात तर उलट, सगळं ओळखीचं वाटेल. तिथे पूर्वी आपल्यासारखंच वडिलांचं नाव लावत. 'अॅप' म्हणजे 'चा मुलगा'. अॅप रीसचा झाला प्राइस, अॅप हॉवेलचा पॉवेल, अॅप एव्हनचा बेव्हन. ही आडनावं पक्की होण्याआधीच्या काळात भावाभावांचं आडनाव सारखं, पण बाप-लेकाचं वेगळं, असं दिसतं.

यात पैसे किती जातात?

सुरुवातीला काहीच नाही. फॅमिलीसर्च ही वेबसाइट फुकट आहे, फक्त खातं काढायचं. फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांनी हाताने उतरवलेली जन्म-विवाह-मृत्यूची सूची, तीही फुकट. जनरल रजिस्टर ऑफिसच्या सूचीत शोधायलाही पैसे पडत नाहीत, दाखला मागवला की पडतात. छापील दाखल्यापेक्षा डिजिटल प्रत बरीच स्वस्त पडते, ती मिळत असेल तर तीच घ्या. माहिती तीच असते. स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्सपीपल, तिथे प्रत्येक पानाचे थोडे पैसे. अॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट वर्गणीवर चालतात. ब्रिटनमध्ये राहत असाल तर आधी गावातल्या वाचनालयात विचारा, पुष्कळ ठिकाणी तिथल्या संगणकांवर यांतलं एखादं फुकट वापरता येतं. भारतातून काम करणाऱ्यांना माझा सल्ला : फुकटच्या सूचींतून सगळे प्रश्न लिहून काढा आणि मग एकाच महिन्याची वर्गणी घेऊन ते एका दमात सोडवा.

इंटरनेटवर कुणीतरी आमच्या घराण्याचा वंशवृक्ष १४०० सालापर्यंत नेलेला आहे. उतरवून घेऊ?

नका घेऊ. बघा जरूर, पण प्रत्येक नावामागे कोणता कागद आहे ते विचारा. दुसऱ्याच्या वंशवृक्षाकडे नेणारा दुवा हा पुरावा नाही. मी अशा झाडांवर आईपेक्षा वयाने मोठी मुलं पाहिली आहेत, आणि तीच चूक चाळीस जणांनी उतरवल्यामुळे खरी वाटू लागलेलीही पाहिली आहे. मूळ पानाचं चित्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नाव शाईने लिहीत नाही, पेन्सिलने लिहिते.

डीएनए चाचणी करावी का?

नातेवाईक शोधायला उपयोगी, टक्केवारी बघायला फारशी नाही. इतके टक्के स्कॉटिश, तितके टक्के आयरिश, हे अंदाज कंपनीगणिक बदलतात. चुलत-मावस नात्याची जुळणी मात्र कागदाच्या जोडीने फार कामाची ठरते. चाचणी करण्याआधी घरात बोला. कुणाचा बाप वेगळा निघाला तर ती बातमी एकट्या तुमची नसते.

जन्माच्या दाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा आहे. आता?

कोरा रकाना म्हणजे आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. शोध संपत नाही. १८३४ च्या आधीची मुलं असतील तर पॅरिशच्या गरीब-खात्याचे कागद बघा. मूल पॅरिशच्या गळ्यात पडू नये म्हणून अधिकारी आईकडून बापाचं नाव वदवून घेत आणि त्याच्याकडून पैसे वसूल करत. नंतरच्या काळासाठी वर्कहाऊसच्या, म्हणजे गरिबांना काम देऊन ठेवण्याच्या सरकारी आश्रमांच्या, वह्या, पोटगीचे खटले, मुलाच्या लग्नाच्या दाखल्यावर त्याने सांगितलेलं बापाचं नाव. यातलं शेवटचं जपून घ्या, लाजेपोटी आजोबांचं नाव बाप म्हणून सांगितलेलं आढळतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायचं की नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी आधी विचारते, मग दाखवते. सासूबाईंच्या घराण्यातल्या अशाच एका कोऱ्या रकान्याबद्दल मी त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, दाखव. वाचून झाल्यावर बाळाची आई असलेल्या त्या मुलीचं वय काय होतं एवढंच त्यांनी विचारलं. एकोणीस.

पूर्वजाचा जन्म 'बॉम्बे'त. नोंद मुंबईत शोधायची की लंडनला?

आधी लंडनला. हिंदुस्थानातल्या चर्चांचे पाद्री बाप्तिस्मे, विवाह आणि दफनांच्या नकला वरिष्ठांकडे पाठवत, आणि त्या पुढे लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत. तिथले त्यांचे संग्रह-क्रमांक असे : बंगालसाठी एन-१, मद्राससाठी एन-२, मुंबई इलाख्यासाठी एन-३. फाइंडमायपास्टवर त्यांची चित्रं आहेत, फॅमिलीसर्चवर बऱ्याच नोंदींची सूची फुकट मिळते. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी उतरवलेल्या याद्याही बघा.

रुडयार्ड किपलिंगचं उदाहरण घ्या. जन्म ३० डिसेंबर १८६५, मुंबई. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. आई-वडिलांचं लग्न त्याच वर्षी लंडनला झालेलं, म्हणून विवाह इंग्लंडच्या सरकारी सूचीत सापडतो. मुलाचा जन्म तिथे शोधलात तर हाती काही लागणार नाही. त्याच्यासाठी फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधल्या बाप्तिस्म्याकडे जावं लागतं.

बाप गोऱ्या पलटणीत असेल तर आणखी एक वाट आहे. पलटणींची स्वतःची जन्म-विवाहांची रजिस्टरं असत, १७६१ पासूनची, आणि त्यांची सूची जनरल रजिस्टर ऑफिसकडे आहे. सासूबाईंच्या पणजीचा धागा मला तिथेच लागला. पलटणीचा नंबर मिळाला, पलटण त्या साली खडकीला होती हे कळलं, आणि मग एन-३.

पणजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात गेले. लंडनला त्यांची नोंद असेल?

सेवेची वही लंडनला मिळेल अशी आशा धरू नका. ब्रिटिश शिपायांच्याच कागदांचा मोठा भाग सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आणि हिंदी शिपायांचे कागद तिथे नव्हतेच. पण रणात पडलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे आहे आणि ती फुकट शोधता येते. पुष्कळदा त्यात बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कुत या गावाच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं, आणि कैदेत गेलेल्यांतले बरेच परतले नाहीत. फ्रान्समध्ये पडलेल्यांची नावं नव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत, मेसोपोटेमियासाठी बसरा स्मारकाची यादी बघा.

शोधताना नावाची रोमन लिपीतली तऱ्हा निरनिराळी करून बघा. 'जाधव' चार-पाच प्रकारे लिहिलेला मिळतो, आणि कैक जणांचं आडनावच लिहिलेलं नाही, नुसतं पहिलं नाव आणि नंबर. रत्नागिरी-साताऱ्याकडच्या काही गावांत महायुद्धाला गेलेल्यांची संख्या कोरलेला दगड आहे. तो आधी वाचून या. मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला पलटणीचं नाव आणि नंबर देऊन पत्र लिहा.

मॉरिशसच्या मराठी घराण्यांचं किंवा गोव्याचं काय?

मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या प्रत्येकाला नंबर दिला जाई. रजिस्टरात नाव, बापाचं नाव, जात, गाव, बोट, आणि पुढच्या काळात छायाचित्रही. हे दफ्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आधी नंबर शोधा, पुढचं त्यावर चालतं. तिथे बापाचं पहिलं नावच पुढे आडनाव होऊन बसलं, म्हणून आजच्या आडनावावरून कोकणातलं घर ओळखायला जाऊ नका.

गोवा पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा तिथल्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आणि तिथल्याच चर्चांत. ब्रिटिश कागदांत गोयंकार भेटतो तो मुंबईला, पूर्व आफ्रिकेत किंवा बोटीवरचा खलाशी म्हणून.

पणजी आया म्हणून साहेबाच्या कुटुंबाबरोबर विलायतेला गेली होती असं घरात सांगतात. तिची नोंद सापडेल?

हा प्रश्न रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारला होता, आणि त्यावर मी अजून त्यांच्याबरोबर काम करते आहे. ब्रिटनला येणाऱ्या बोटींच्या उतारूंच्या याद्या १८७८ ते १९६० पर्यंतच्या आहेत, जाणाऱ्या बोटींच्या १८९० पासून. त्यांत मुलांच्या ओळीखाली 'आणि आया' एवढंच लिहिलेलं सापडतं. जनगणनेत कधी 'मेरी आया' असं ठेवून दिलेलं नाव, कधी 'आया'च्या पुढे मालकाचं आडनाव. वयसुद्धा अंदाजाने. यादी लिहिणाऱ्याला तिचं नाव विचारायची गरज वाटली नव्हती.

काही आयांना साहेबाने इंग्लंडला पोचल्यावर परतीच्या भाड्याशिवाय सोडून दिलं. अशा बायकांसाठी लंडनमध्ये आयांचं वसतिगृह होतं, हॅकनीत किंग एडवर्ड्स रोडवर, आणि २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. गणनेच्या रात्री तिथे असलेल्या बायकांची यादी जनगणनेत बघता येते. ती बघाच.

पण तिच्या नावावरून शोध सुरू होणार नाही. साहेबाच्या नावावरून होईल. तो कुठल्या खात्यात होता, रत्नागिरीत कलेक्टर कचेरीत की दुसरीकडे, मुलं किती होती, कोणत्या साली गेले? साहेब सापडला की बोट सापडेल, आणि बोटीच्या यादीत त्याच्या मुलांच्या खाली बघायचं. म्हणून आधी गावी फोन करा. घरात साहेबाचं आडनाव कुणाला आठवतंय का ते विचारा, आणि ज्या उच्चारात सांगतील त्याच उच्चारात लिहून घ्या.